नव्या थर्मोस्टॅटसाठी घरातील उष्णतेची व्यवस्था कोणती, हे कसे ओळखावे?

रानजाई

नमस्कार. आम्ही जूनमध्ये न्यू जर्सीतील एडिसन येथे १९५८ साली बांधलेले एक स्प्लिट-लेव्हल घर विकत घेतले. त्याआधी सात वर्षे आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये होतो. तिथे खोल्या गरम ठेवणे ही मालकाची जबाबदारी असल्यामुळे घर तापते तरी कसे, याचा विचार करण्याची वेळच आली नाही. आणि पुण्यात वाढलेल्या माणसाला थंडी म्हटली की स्वेटर, शाल आणि अंघोळीचे कढत पाणी यापलीकडे काही ठाऊक असण्याचे कारणही नाही.

गेल्या आठवड्यात रात्रीचा गारठा वाढला, तेव्हा जुना थर्मोस्टॅट (घराचे तापमान ठरवणारे भिंतीवरचे उपकरण) काढून मी फोनवरून चालवता येणारा नवा थर्मोस्टॅट बसवायला घेतला. वायर काढण्यापूर्वी फोटो घेतला होता. जुन्या थर्मोस्टॅटवर ‘आरएच’ला लाल, ‘आरसी’ला दुसरी लाल, ‘डब्ल्यू’ला पांढरी, ‘वाय’ला पिवळी आणि ‘जी’ला हिरवी अशा पाच वायर होत्या. एक निळी वायर कशालाही न जोडता भिंतीच्या आत गुंडाळून ठेवलेली होती. त्याच खुणांप्रमाणे मी नव्यावर वायर जोडल्या. इथपर्यंत सारे ठीक होते, परंतु पुढे त्या यंत्राने विचारले की तुमच्या घरी इंधन कोणते आणि उष्णता कोणत्या प्रकारे पसरवली जाते, आणि तिथे मी अडकले.

अडकण्याचे कारण असे की, घरातील खुणा एकमेकींशी जुळत नाहीत. तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी लाल पट्टीचे एक बटण आहे आणि त्यावर ‘ऑइल बर्नर’ असे लिहिलेले आहे. घराबाहेर, भिंतीलगत जमिनीतून वर आलेले झाकणाचे दोन लोखंडी नळही आहेत. मात्र दरमहा बिल येते ते गॅसचे. पोटमाळ्यावर एक मोठे यंत्र आहे, त्याला हवा वाहून नेणारे जाड डक्ट जोडलेले आहेत आणि छतातील जाळ्यांतून उन्हाळाभर त्यातूनच गार हवा येत होती. पण त्या यंत्राला गॅसचा नळ काही दिसत नाही, केवळ विजेच्या वायर दिसतात. म्हणून मी ‘वीज’ आणि ‘गरम हवा’ असे पर्याय निवडले आणि तापमान ७० अंश फॅरनहाइटवर ठेवले. लगेच छतातील जाळ्यांतून हवा सुरू झाली, पण ती गारेगार होती. पाच-सात मिनिटे वाट पाहून, काही जळेल या भीतीने मी सगळे बंद केले आणि जुना थर्मोस्टॅट पुन्हा बसवला. माझ्या घरात नेमकी कोणती व्यवस्था आहे, हे कसे ओळखावे?

घाटमाथा

रानजाई, तुम्ही उगाच घाबरलात, असे मला वाटते. पांढरी वायर उष्णतेची, पिवळी थंडाव्याची आणि हिरवी पंख्याची, हा सर्वमान्य संकेत आहे आणि तुमच्याकडे तिन्ही आहेत. म्हणजे ही सरळसाधी गॅस फर्नेस, गॅसवर हवा तापवून घरभर पसरवणारे यंत्र, असणार. आमच्या डॅलसच्या घरात फर्नेस पोटमाळ्यावरच आहे. गॅसचा नळ मागच्या बाजूने येत असेल, म्हणून तुम्हाला दिसला नसेल. सुरुवातीला डक्टमध्ये साचलेली गार हवा बाहेर पडतेच. ‘गॅस’ आणि ‘गरम हवा’ निवडून दहा-पंधरा मिनिटे थांबा, म्हणजे झाले.

जुना_बंब

घाटमाथा यांनी डॅलसचे जे सांगितले ते डॅलसपुरते बरोबर आहे, पण १९५८ सालचे न्यू जर्सीतील घर ही निराळी जात आहे. मी अमेरिकेच्या ईशान्य भागात इमारतींच्या तापन-व्यवस्थेवर अठ्ठावीस वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, वायरच्या रंगावरून निष्कर्ष काढू नये. बसवणाऱ्याच्या हाताशी जी केबल असेल ती तो वापरतो आणि पांढरी संपली तर तपकिरी लावून मोकळा होतो. वायर कोणत्या अक्षराला जोडलेली आहे, याला त्याहून अधिक महत्त्व आहे आणि तिचे दुसरे टोक घरात कुठे जाते, याला सर्वांत अधिक. थर्मोस्टॅट हे केवळ बटण आहे. भिंतीवरच्या बटणाकडे कितीही वेळ पाहिले, तरी पलीकडे पंखा आहे की दिवा, हे समजणार नाही.

ताई, तुम्ही दिलेल्या माहितीतील दोन गोष्टी मला बोलक्या वाटतात. पहिली, ‘आरएच’ आणि ‘आरसी’ यांना दोन वेगळ्या लाल वायर असणे. ‘आर’ म्हणजे २४ व्होल्टचा पुरवठा. ‘एच’ उष्णतेचा आणि ‘सी’ थंडाव्याचा. एकाच यंत्रातून उष्णता आणि थंडावा मिळत असेल तर पुरवठा सहसा एकच असतो, लाल वायरही एकच येते आणि ही दोन टोके लहानशा तारेने एकमेकांना जोडलेली असतात. तुमच्याकडे दोन स्वतंत्र वायर आहेत, त्याअर्थी दोन स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आणि बहुधा दोन स्वतंत्र यंत्रे असावीत. दुसरी गोष्ट म्हणजे ती गार हवा. ‘वीज’ आणि ‘गरम हवा’ असे सांगितल्यावर थर्मोस्टॅट उष्णता मागताना पंख्यालाही स्वतःच चालू करतो, कारण विजेच्या फर्नेसला तसे करावे लागते. गॅसची फर्नेस आतील भाग तापल्यावर आपला पंखा आपणच सुरू करते. म्हणजे तुमच्या आज्ञेप्रमाणे पोटमाळ्यावरचा पंखा फिरला, पण त्या यंत्रात तापवणारे काहीच नसावे. घर तापवणारे यंत्र दुसरीकडेच आहे, असा माझा कयास आहे.

आता तळघरात जा आणि पाहा. जे यंत्र दिसेल त्याच्यावरून कपाटाएवढे जाड पत्र्याचे डक्ट निघत असतील, तर ती फर्नेस. डक्ट नसून तांब्याचे किंवा लोखंडाचे नळ निघत असतील, तर तो बॉयलर. आपल्याकडचा अंघोळीच्या पाण्याचा बंबच, फक्त त्याचे पाणी अंघोळीला न येता बंद नळांतून घरभर फिरून परत येते. बॉयलर असेल तर आणखी एक बारकावा पाहावा. बाजूला पाण्याची पातळी दाखवणारी उभी काचेची नळी असेल, तर तो वाफेचा बॉयलर. ती नसून दाब आणि तापमान दाखवणारी तबकडी, एक पंप आणि नळावर टांगलेली लहानशी टाकी असेल, तर तो गरम पाण्याचा.

खोल्यांमध्ये बाहेरच्या भिंतीलगत, जमिनीपासून वीतभर उंचीच्या लांबलचक पत्र्याच्या पेट्या आहेत का? असल्यास त्यांचे झाकण वर सरकवून आत काय आहे ते सांगा. तसेच थर्मोस्टॅटच्या मागे भिंतीतून केबल एक येते की दोन, आणि कोणत्या केबलमध्ये कोणत्या वायर आहेत, हेही पाहा. त्याआधी दोन्ही यंत्रांचे ब्रेकर बंद करा. थर्मोस्टॅटची वायर २४ व्होल्टची असली तरी ‘आर’चे टोक चुकून दुसरीकडे टेकले तर यंत्रातील फ्यूज उडतो, आणि एवढ्याशा फ्यूजसाठी बोलावलेल्या तंत्रज्ञाच्या फेरीचे पैसे फार जिवावर येतात.

मीठभाकर

जुना_बंब यांच्या सूचनेला एक सावधगिरीची जोड देते. आम्ही मॉन्ट्रियलला राहतो आणि क्वेबेकमध्ये वीज स्वस्त असल्यामुळे इथल्या बहुसंख्य घरांत विजेवर चालणारे बेसबोर्ड हीटर असतात. ते दिसायला गरम पाण्याच्या बेसबोर्डसारखेच, भिंतीलगतच्या लांबट पत्र्याच्या पेटीसारखे असतात. मी पहिल्या वर्षी अमेरिकेतील बहिणीने पाठवलेला २४ व्होल्टचा थर्मोस्टॅट बसवायला निघाले होते. सुदैवाने जुन्याचे झाकण काढताच आत बोरूएवढ्या जाड दोन काळ्या वायर आणि त्यांच्या टोकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या दिसल्या, आणि मी हात मागे घेतला. तो थेट २४० व्होल्टचा पुरवठा होता. त्यावर नेहमीचा थर्मोस्टॅट जोडला तर तो जळतो आणि आगीचा धोका निर्माण होतो. त्यासाठी खास त्या व्होल्टेजचेच थर्मोस्टॅट मिळतात. रानजाई यांच्या भिंतीत पाच-सहा बारीक वायर आहेत, त्यामुळे त्यांना ही भीती नाही, पण हा धागा वाचून उद्या दुसरे कोणी पेचकस हातात घेईल, म्हणून लिहिले. प्रत्येक खोलीत वेगळा थर्मोस्टॅट असणे आणि ब्रेकरच्या पेटीत जोडीने असलेल्या ब्रेकरची रांग असणे, याही विजेच्या हीटरच्या खुणा आहेत.

रानजाई

सर्वांचे आभार. काल शनिवार असल्याने दुपारभर हेच काम केले.

पत्र्याच्या पेट्या आहेत, आणि सांगायला संकोच वाटतो की, गेले चार महिने आम्ही त्यांना वायर झाकण्यासाठी केलेली सोय समजत होतो. दिवाणखान्यातील पेटीला आमचा सोफा चिकटून आहे. झाकण वर केल्यावर आत तांब्याचा एक नळ आणि त्यावर कंगव्याच्या दातांसारख्या पातळ पत्र्यांची दाट रांग दिसली. नळ कोपऱ्यात जमिनीतून खाली जातो. विजेची वायर कुठेही नाही.

तळघरात यंत्राच्या वरून तांब्याचे नळ निघतात, जाड डक्ट नाहीत. काचेची नळी नाही. तबकडी आहे आणि तिचा काटा दाबाच्या बाजूने १५च्या आसपास आहे. एक लाल पंप आहे आणि करड्या रंगाची, भोपळ्याएवढी टाकी नळाला लटकलेली आहे. यंत्राच्या खालच्या भागात पिवळ्या दांड्याची तोटी असलेला गॅसचा नळ येतो, आणि पाटीवर इंधन म्हणून नैसर्गिक वायूच लिहिला आहे. तेलाचा काही संबंध दिसत नाही.

थर्मोस्टॅटच्या मागे खरोखर दोन केबल आहेत. एकीत लाल व पांढरी अशा दोनच वायर आहेत. तिचे दुसरे टोक तळघरातील यंत्रावरच्या करड्या डब्यात ‘टीटी’ असे लिहिलेल्या दोन स्क्रूंना जोडलेले आहे. दुसऱ्या केबलमध्ये लाल, पिवळी, हिरवी आणि ती मोकळी निळी वायर आहे, आणि ती वर पोटमाळ्याकडे जाते.

जिन्याजवळचे ते लाल बटण आम्ही घरात आल्यापासून बंद ठेवले होते. तेलाचे काहीतरी जुने धोकादायक प्रकरण असावे, अशा समजुतीने मुलांच्या हाताला लागू नये म्हणून त्यावर चिकटपट्टीही लावली होती.

जुना_बंब

ताई, इतके नेमके निरीक्षण माझ्या हाताखालचे शिकाऊ तंत्रज्ञसुद्धा लिहून देत नसत. आता शंका उरलेली नाही. तुमच्याकडे गॅसवर चालणारा गरम पाण्याचा बॉयलर आणि त्याला जोडलेले बेसबोर्ड आहेत, तर पोटमाळ्यावरचे यंत्र केवळ थंडाव्यासाठी नंतर कधीतरी बसवलेले आहे. १९५०च्या दशकात घर बांधताना मध्यवर्ती वातानुकूलन नव्हते, म्हणून डक्टही नव्हते; पुढे ते हवेसे वाटले तेव्हा मूळ नळांना हात न लावता वरून स्वतंत्र डक्ट टाकणे सोयीचे होते. तुमच्या भागातील असंख्य घरांची हीच कथा आहे.

ते लाल बटण बॉयलरचा वीजपुरवठा तोडणारे आपत्कालीन बटण आहे. घर पूर्वी तेलावर तापत असणार. पुढे गॅस आला, बॉयलर बदलला, पण बटणावरची पट्टी बदलण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत. ते चालू करा आणि चिकटपट्टी काढून टाका, कारण अडचणीच्या वेळी ते चटकन सापडले पाहिजे. भिंतीबाहेरचे ते दोन नळ तेल भरण्याचे आणि टाकीतील हवा बाहेर जाण्याचे आहेत. विषयांतर होते आहे, तरी सांगतो: ती टाकी जमिनीत पुरलेली असेल तर ती रीतसर काढली वा बंद केली होती का, हे घरखरेदीच्या कागदपत्रांत अवश्य पाहा. न्यू जर्सीत गळक्या पुरलेल्या टाकीची सफाई घरमालकाला फार महागात पडते.

आता नव्या थर्मोस्टॅटला काय सांगायचे, ते पाहू. इंधन ‘गॅस’ आणि प्रकार ‘बॉयलर’, ‘गरम पाणी’, ‘बेसबोर्ड’ किंवा ‘रेडिएटर’ यांपैकी जो शब्द तुमच्या यंत्रात असेल तो. उष्णतेच्या वेळी पंखा चालवायचा का, असे विचारल्यास ‘नाही’ म्हणा. काही थर्मोस्टॅट तासाला किती वेळा चालू-बंद व्हावे, हा आकडा मागतात. साध्या गॅस फर्नेससाठी ५, गरम पाण्यासाठी ३, वाफेसाठी १ आणि विजेच्या फर्नेससाठी ९ अशी प्रचलित मूल्ये आहेत. पाणी तापायला वेळ घेते आणि तापल्यावर उष्णता धरूनही ठेवते, म्हणून त्याला फर्नेसप्रमाणे वरचेवर हाका मारण्यात अर्थ नसतो. याच कारणाने, दिवसा घरी कोणी नसताना तापमान फार खाली उतरवू नका. संध्याकाळी घर पुन्हा तापायला तुमच्या अपेक्षेपेक्षा बराच अधिक वेळ लागेल. तीन-चार अंश फॅरनहाइटने खाली आणणे पुरे.

वायरच्या बाबतीत मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. त्या दोन लाल वायर कधीही एकमेकींना पिळून एकाच छिद्रात घालू नका. एक तळघरातील पुरवठ्याची आहे, दुसरी पोटमाळ्यावरील ट्रान्सफॉर्मरची; त्या जोडल्या गेल्या तर पोटमाळ्याची वीज त्या ‘टीटी’ टोकांतून बॉयलरच्या नियंत्रकात शिरेल. तिथे बाहेरून वीज येणे अपेक्षितच नसते, त्यामुळे नियंत्रक किंवा ट्रान्सफॉर्मर निकामी होऊ शकतो. काही थर्मोस्टॅटमध्ये ‘आर’चे एकच टोक असते, तर काहींत ‘आरएच’ आणि ‘आरसी’ आतून जोडलेली असतात. तुमचे उपकरण ती दोन्ही वेगळी ठेवते की नाही, हे सूचनापत्रकात तपासा. ठेवत नसेल तर मध्ये एक वेगळा रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारे बटण) बसवावा लागेल किंवा उपकरण बदलावे लागेल.

ती निळी वायर हे तुमचे नशीब आहे. फोनशी जोडलेल्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी अखंड वीज लागते आणि ती ‘सी’ नावाच्या परतीच्या वायरने पुरी होते (हा ‘सी’ म्हणजे ‘कॉमन’, ‘आरसी’तील थंडाव्याचा ‘सी’ नव्हे). ती नसेल तर काही उपकरणे उष्णतेच्या वा थंडाव्याच्या वायरमधूनच थोडी-थोडी वीज चोरतात, आणि तसे झाले की काही यंत्रांतील रिले कडकड वाजू लागतो. निळी वायर पोटमाळ्याच्या केबलमधील आहे, तेव्हा तिचे वरचे टोक त्या यंत्राच्या पाटीवरील ‘सी’ स्क्रूला जोडावे लागेल आणि खालचे थर्मोस्टॅटच्या ‘सी’ला. तिची जोडी ‘आरसी’शी जमते, ‘आरएच’शी नव्हे. पोटमाळ्यावरचे यंत्र उघडणे जमण्यासारखे वाटत नसेल तर एवढे काम तंत्रज्ञाकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही. एक परिणाम मात्र लक्षात असू द्या: थर्मोस्टॅट आता पोटमाळ्याच्या यंत्राच्या विजेवर जगेल, त्यामुळे हिवाळ्यात एसी लागत नाही म्हणून त्याचा ब्रेकर बंद करण्याची सवय असेल, तर ती सोडावी लागेल.

आणि तो सोफा भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढा. बेसबोर्डच्या खालून गार हवा आत जाऊन वरून गरम बाहेर पडायला वाट हवी.

घाटमाथा

माझ्या घाईच्या उत्तराबद्दल रानजाई यांनी क्षमा करावी. मात्र त्या निमित्ताने विचारतो: अटलांटाला माझ्या धाकट्या भावाच्या घरी ‘डब्ल्यू’ला काहीच जोडलेले नाही, ‘ओ/बी’ असे लिहिलेल्या ठिकाणी नारिंगी वायर आहे, आणि हिवाळ्यातही बाहेरचे यंत्र चालू असते. तो म्हणतो की एसी बिघडला आहे.

जुना_बंब

बिघडलेला नाही, तो हीट पंप आहे. उन्हाळ्यात घरातील उष्णता बाहेर टाकणारे यंत्र हिवाळ्यात उलट फिरून बाहेरची उष्णता आत आणते, आणि दिशा बदलणाऱ्या झडपेला ‘ओ/बी’ची वायर आज्ञा देते. बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांत ही झडप थंडाव्याच्या वेळी चालू होते, म्हणजे ‘ओ’. काहींत उष्णतेच्या वेळी, म्हणजे ‘बी’. सेटअपमध्ये हे उलटे निवडले गेले तर उष्णता मागितली की थंडावा येतो. भर थंडीत ते यंत्र मधूनच वाफाळते, तेही बर्फ वितळवण्यासाठी असते, त्यामुळे भावाला घाबरू नको म्हणावे. जुन्या थर्मोस्टॅटवर ‘इमर्जन्सी हीट’ असा पर्याय दिसत असेल, तर हीट पंपाबद्दल शंका घ्यायचे कारण नाही.

रानजाई

आज संध्याकाळी सगळे पूर्ण झाले. उपकरणाच्या सूचनापत्रकात दोन ‘आर’ वेगळे राहतात असे स्पष्ट लिहिलेले सापडले. निळी वायर तंत्रज्ञाकडून जोडून घेतली. त्याला पोटमाळ्यावर वीस मिनिटे लागली. खाली आल्यावर त्याने विचारले की दोन ट्रान्सफॉर्मर असल्याचे तुम्हाला कुणी सांगितले, तेव्हा मी आमच्याकडच्या एका जुन्या बंबाने सांगितले असे म्हणणार होते, पण ते इंग्रजीत कसे म्हणावे ते सुचले नाही.

लाल बटण चालू केल्यावर तळघरात आधी पंपाची घरघर आणि मग गॅस पेटल्याचा भस्सकन आवाज आला. छतातील जाळ्यांतून काही आले नाही. साधारण वीस मिनिटांनी नळ तापताना पेट्यांतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला, आणि चार महिने साचलेली धूळ तापल्याचा वास घरभर पसरला. हा वास किती दिवस राहतो?

मीठभाकर

दोन-तीन दिवस. थंड असताना झाकण काढून पत्र्यांवरून व्हॅक्यूम फिरवा, मात्र हलक्या हाताने, कारण ते पत्रे लगेच वाकतात.